अपघातात अपंगत्व आलं, भरपाईच्या दाव्यासाठी वकील करायचा आहे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तालुका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा केंद्रात विधी स्वयंसेवक म्हणून बसते. मी वकील नाही. लोकांचं ऐकून घेणं, कागद लावून देणं, योग्य दारापर्यंत पोचवणं हे माझं काम. या कामाकडे वळले ती दादामुळे. दादा सुतार. एका टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली आणि डावा हात मनगटापासून गेला. त्यानंतरची काही वर्षं आम्ही जे शिकलो ते बहुतेक चुका करूनच. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे प्रश्न आणि ही उत्तरं. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ लिहितात, कोर्टात अजून ‘अपंगत्व’ चालतं. खाली दोन्ही शब्द येतील.

अपंगत्वाचे पैसे मिळवायचे तर वकील लागतोच का?

नाही, आणि हे आधी सांगते, कारण नको तिथे वकील करून लोक हातचे पैसे घालवतात.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायला वकील लागत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणी करून घ्यायची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. दिव्यांगांना तिथे ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा अनेकांच्या लक्षातही नसतो. अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर त्यात १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख मिळतात. त्यासाठी बँकेतच दावा द्यायचा, आणि लवकर द्यायचा. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे, ती कृषी खात्याकडे. या सगळ्यांत फॉर्म आणि चिकाटी लागते, काळा कोट लागत नाही.

स्वतःच्या अपघात विम्याचा दावा कंपनीने नाकारला तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे फी नाही आणि वकिलाला उभं राहायची परवानगीही नाही. तुमचं म्हणणं तुम्हीच मांडायचं.

मग वकील लागतो तो कुठे?

दुसऱ्याच्या गाडीने अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कामावर असताना इजा झाली असेल तर त्या भरपाईच्या दाव्यात. आणि निकालावर हायकोर्टात अपील करायचं असेल तेव्हा. या तिन्ही ठिकाणी समोर विमा कंपनीचा रोज हेच काम करणारा वकील असतो.

खालची बहुतेक उत्तरं मोटार अपघाताच्या दाव्याबद्दल आहेत. आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं त्यासाठीच येतात.

प्रमाणपत्रावर ६० टक्के लिहिलंय. तेवढ्या टक्क्यांनी हिशोब होणारच. वकील त्यात काय वेगळं करणार?

सगळा फरक इथेच पडतो, म्हणून जरा थांबून वाचा.

प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचे असतात. भरपाई कमाईच्या नुकसानीची असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे अगदी सोपं करून सांगितलं. त्या निकालाचा वृत्तांत निकालांच्या संग्रहाच्या २०११ च्या खंडात आहे, आणि या विषयातला वकील तो तोंडपाठ सांगतो. त्यातलं उदाहरण असं: डावा हात कापला गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ १०० टक्के बुडाली. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी कदाचित तशीच चालू राहील. हात तोच, नुकसान वेगळं. याला कार्यात्मक अपंगत्व म्हणतात.

आता रुपयांत बघू. ३४ वर्षांचा सुतार, महिना १५,००० कमावणारा. वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईपोटी ४० टक्के वाढ: २,५२,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात; ३१ ते ३५ वयाला गुणक १६. अपंगत्व ६० टक्के धरलं तर २४,१९,२००. शंभर टक्के धरलं तर ४०,३२,०००. औषधपाणी, वेदना, कृत्रिम हात, पुढचे उपचार हे सगळं याच्यावर वेगळं. नुसत्या एका आकड्यावरून १६ लाख १२ हजार ८०० रुपयांचा फरक पडतो.

दादाच्या पहिल्या वकिलाने अर्जात व्यवसायासमोर ‘मजुरी’ लिहिलं होतं आणि प्रमाणपत्र जोडलं होतं. बस. मजूर म्हटलं की एका हाताने काहीतरी काम करेल असं समोरचा सहज म्हणू शकतो. दुसऱ्या वकीलबाई आल्या त्यांनी आधी अर्जात दुरुस्ती मागितली. मग साक्षीच्या दिवशी दादाला घरून रंधा आणायला सांगितला. पिंजऱ्यात उभा असताना विचारलं, “हा कसा धरतात ते साहेबांना दाखवा.” दादाने उजव्या हाताने मागची मूठ धरली. पुढची मूठ धरायला हातच नव्हता. तो तसाच उभा राहिला. एवढ्यानेच न्यायाधीशांना जे समजलं ते दहा पानी शपथपत्राने समजलं नसतं. शिवाय बाईंनी दोन जुन्या गिऱ्हाइकांना आणि लाकडाच्या वखारवाल्याला साक्षीला बोलावलं, कारण दादाकडे पगाराची पावती कुठून असणार?

२०१८ मध्ये जगदीश विरुद्ध मोहन या प्रकरणात सुप्रीम कोर्टासमोर सुतारच होता, चोवीस वर्षांचा, दोन्ही हात निकामी झालेला. प्रमाणपत्र ९० टक्क्यांचं होतं. कोर्टाने कमाई पूर्णच बुडाली असं धरलं आणि भविष्यातली वाढही दिली. तुमचा धंदा शिवणकामाचा असो, वेटरचा असो, केळीचे घड उतरवायचा असो, तुमच्या कामात गेलेला अवयव नेमका काय करत होता हे कोर्टाला दिसलं पाहिजे. ज्या वकिलाला तुमच्या कामाबद्दल चार प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत, तो ते दाखवू शकणार नाही.

वकील केव्हा गाठायचा? माणूस अजून दवाखान्यातच आहे.

लवकर, पण पहिल्या दिवशी नाही. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी बघा: पोलिसांत एफआयआर नीट नोंदला गेला का, आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘रस्ता अपघात’ असं लिहिलंय का. घाबरून ‘घरात पडला’ सांगितलं की पुढे प्रत्येक उलटतपासणीत ते वाक्य पुढे येतं.

१ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीबद्दल सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका. म्हणून ज्यांची मुदत टळली त्यांनी आशा सोडू नये. ज्यांची टळलेली नाही त्यांनी ६ महिने हीच शेवटची रेषा धरावी.

त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो अहवाल दावा म्हणूनही धरता येतो. प्रत्यक्षात पाठपुरावा केल्याशिवाय अनेकदा तो हलत नाही, म्हणून ठाण्यात जाऊन विचारत राहा.

वॉर्डात एक माणूस येऊन “मी तुमची केस बघतो” म्हणाला. आम्ही कोऱ्या वकीलपत्रावर सही केली. आता?

घाबरू नका, पण आजच हालचाल करा. तो माणूस बहुधा वकील नसतो, दलाल असतो. वकिलांना जाहिरात करायला आणि माणसं पाठवून कामं मिळवायला मनाई आहे. २०२३ मध्ये वकील कायद्यात दुरुस्ती होऊन अशा दलालांची यादी करायची आणि तरीही दलाली केली तर ३ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली. वकीलपत्रावर ज्याचं नाव आहे त्या वकिलाला प्रत्यक्ष जाऊन भेटा. पटलं तर ठेवा. नाही पटलं तर लेखी कळवून वकीलपत्र परत घ्या. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टँप पेपरवर सही केली असेल तर ते लेखी मागून घ्या, त्याची पोच ठेवा आणि बँकेला त्या चेकचं पेमेंट थांबवायला सांगा.

फी किती असते? “मिळाले तर पंचवीस टक्के, नाही मिळाले तर काही नको” हे बरोबर आहे का?

आपल्याकडे हे चालतं, पण कायद्याने चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत साफ लिहिलंय की निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या पैशांत वाटा घ्यायचा नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून वेगळं ऐकलं असेल. तिथे टक्केवारीची फी कायदेशीर आहे. इथे नाही.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलेलं प्रकरण मी प्रत्येकाला सांगते. तेलंगणातल्या एका बाईचा नवरा अपघातात गेला. भरपाई मिळाली, तिने वकिलाला लाखांत फी दिली, तरी त्याने टक्केवारीच्या हिशोबाने आणखी ३ लाखांचा चेक लिहून घेतला. चेक वटला नाही तेव्हा वकिलाने तिच्यावरच फौजदारी केस टाकली. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी मागणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे आणि तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं कोर्टाने म्हटलं.

आता व्यवहाराचं बोलते. गरीब माणसाकडे आधी द्यायला पैसे नसतात, म्हणून तो टक्केवारीला हो म्हणतो. त्याला मी दोष देत नाही. पण दुसरा मार्ग आहे. वकिलाला सरळ विचारा, “साहेब, पूर्ण केसचे किती आणि कुठल्या टप्प्याला किती?” दाखल करताना काही, पुरावा संपल्यावर काही, निकालानंतर उरलेले, अशी आकड्यात ठरलेली फी बरेच वकील मान्य करतात. टाइपिंग, नक्कल, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, हेही विचारा. कागदावर लिहून घ्या आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. वही घालून ठेवा. आमच्या आईने शाळेच्या जुन्या वहीत तारीख घालून सगळं लिहून ठेवलं होतं. पुढे पहिल्या वकिलाशी हिशोबाचं बोलायची वेळ आली तेव्हा त्या वहीमुळेच आवाज चढवावा लागला नाही.

आमच्याकडे खरंच काही नाही. मोफत वकील मिळतो का?

मिळतो, आणि तो तुमचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्न न पाहता मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा असते. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. साधा अर्ज, ओळखपत्र आणि दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन जा. देशभरचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे यादीतल्या, वकिलाने तुमच्याकडून पैसे मागायचे नाहीत. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी सांगा.

“फुकटचा वकील कसला लढतो,” असं लोक म्हणतात. हे ऐकून मला वाईट वाटतं. रंधा आणायला सांगणाऱ्या त्या वकीलबाई पॅनेलवरच्याच होत्या. सगळेच तसे नसतात हेही खरं. काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागा, तो अर्ज प्राधिकरणाकडेच करता येतो.

चांगला वकील कसा ओळखायचा?

ओळखीचा म्हणून करू नका. जमिनीच्या वाटणीत हुशार असलेला वकील अपघात दाव्यात अडखळू शकतो. एखाद्या दिवशी न्यायाधिकरणाच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. कुणीही बसू शकतं. कोण तयारीने येतं, कोण फक्त तारीख मागतं, हे दोन तासांत दिसतं.

पहिल्या भेटीत विचारा: अपंगत्वाच्या दाव्यात डॉक्टरांची साक्ष तुम्ही स्वतः घेता का? माझ्या केसमध्ये कार्यात्मक अपंगत्व किती धरता येईल आणि का? विमा कंपनी कुठला मुद्दा काढेल? उत्तर “ते बघू आपण, काळजी नको” एवढंच आलं तर दुसरीकडे जा. “इतके लाख नक्की मिळवून देतो” आलं तर त्याहून लवकर जा.

कोणते कागद न्यायचे?

एफआयआर, स्थळ पंचनामा, गाडीचं आरसी आणि विमा पॉलिसीची माहिती, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, प्रत्येक बिल, दिव्यांग प्रमाणपत्र, वयाचा दाखला आणि कमाईचं जे काही असेल ते. पगार नसेल तर बँक पासबुक, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, गिऱ्हाइकांच्या हिशोबाची चिठ्ठी, केलेल्या कामाचे फोटो. रिक्षाचं बिल नसेल तर किती फेऱ्या झाल्या ते लिहून न्या. मूळ कागद वकिलाला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ कोर्टात दाखवायला स्वतःजवळ ठेवा.

खासगी डॉक्टरांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र चालतं का?

जोडता येतं, पण त्याचा भरवसा धरू नका. ज्यांनी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार छापाच्या प्रमाणपत्रांपासून न्यायाधिकरणांनी सावध राहावं, असं त्याच राजकुमार निकालात सांगितलंय. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं प्रमाणपत्र घ्या, आणि ते नुसतं जोडून थांबू नका. ज्या डॉक्टरांनी तपासलं किंवा ऑपरेशन केलं त्यांची साक्ष व्हावी लागते. अनेक दावे इथेच लंगडे पडतात, कारण डॉक्टरांना वेळ नसतो आणि वकील पाठपुरावा करत नाही. साक्षसमन्स निघालं का, कधीची तारीख, हे तुम्ही विचारत राहायचं.

आणखी एक. प्रमाणपत्रावरचे टक्के एका अवयवाचे आहेत की पूर्ण शरीराचे, हे वाचा. डाव्या पायाचे ४५ टक्के म्हणजे शरीराचे ४५ टक्के नव्हेत. विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

बोर्डाने टक्के कमी दिले तर?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ खाली त्या निर्णयावर अपील करता येतं. केंद्राच्या नियमांप्रमाणे मुदत ९० दिवसांची आहे. अर्ज स्वतः लिहिता येतो. बहुतेक सवलतींना ४० टक्के ही किमान रेषा आहे, त्यामुळे ३८ आणि ४० मधला फरक दिसतो तेवढा लहान नसतो. अपीलात “मला जास्त हवंय” असं लिहू नका. कुठली तपासणी झाली नाही, कुठला रिपोर्ट पाहिला नाही, ते लिहा.

मी ड्युटीवर ट्रक चालवत होतो. मालकाकडून मागू की मोटार अपघाताचा दावा करू?

दोन्हीकडे पात्र असाल तर एकच रस्ता निवडायचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ मध्ये तसं आहे. चूक तुमचीच असेल तर मोटार अपघाताच्या दाव्यात अडचण येते. कामगार भरपाईत मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम बहुधा कमी बसते. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा भरपाई कायदा व १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा तिच्यात आले. अपघाताची तारीख कुठल्या बाजूला पडते यावर बरंच अवलंबून आहे. इथे वकिलाला विचारल्याशिवाय एकही अर्ज करू नका, युनियनच्या किंवा मालकाच्या सांगण्यावरूनही नाही.

चूक कुणाची हे सिद्धच होत नसेल, किंवा धडक देऊन गाडी पळाली असेल तर?

चूक न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मागता येतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली. ते घेतले की त्याच अपघाताचा मोठा दावा मिटतो, म्हणून घाईने घेऊ नका. गाडी पळून गेली असेल तर ५०,००० रुपयांची सरकारी योजना आहे. ती रक्कम एका ऑपरेशनलाही पुरत नाही, हे मला मान्य आहे, पण अर्ज करा. आणि स्वतःच्याच मोटारसायकलवरून पडला असाल तर तुमच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा आहे का ते काढून बघा.

विमा कंपनी लोकअदालतीत मिटवायला बोलावते. जावं का?

जावं, पण आकडा घरी काढून जावं. वर सांगितलेला हिशोब वकिलाकडून कागदावर करून घ्या. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. सही केली की संपलं. दुसरीकडे, निकाल आणि मग हायकोर्ट यात वर्षं जातात, आणि घरात चूल पेटायची असते. पूर्ण हिशोबाच्या जवळपास रक्कम येत असेल तर मी घ्या म्हणते. निम्म्याला बोलत असतील तर उठून या. वकील घाई करत असेल तर त्याला एवढंच विचारा: “हाच आकडा तुम्ही तुमच्या भावासाठी घेतला असता का?”

वकील फोन उचलत नाही. बदलता येतो का?

येतो. आधी स्वतः केस बघा: ई-कोर्ट्सच्या अॅपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखांना काय झालं ते दिसतं. आमच्या केसमध्ये तीन तारखांना वकील हजरच नव्हते, हे आम्हाला त्या अॅपवरून कळलं.

बदलताना जुन्या वकिलाची ना हरकत मागायची पद्धत आहे. फीचा वाद आहे म्हणून तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. लेखी मागा, पोच ठेवा. ना हरकत देतच नसेल तर कोर्टाला अर्ज करून सांगता येतं. फारच झालं तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार. पण आधी एकदा समोरासमोर बसून बोला. कधीकधी वकिलाच्या घरीही आजारपण असतं.

रक्कम कमी मिळाली. अपील करावं का?

निकालाची नक्कल लगेच मागा. हायकोर्टात अपीलाची मुदत ९० दिवस आहे. निकालात अपंगत्व किती टक्के धरलं, उत्पन्न किती धरलं, भविष्यातली वाढ दिली का, गुणक बरोबर आहे का, हे चार आकडे तपासा. त्यातला एकही चुकला असेल तर अपीलात दम आहे. नुसतं ‘कमी वाटतंय’ एवढ्यावर जाऊ नका. तुम्ही मागितलं त्यापेक्षा जास्त देण्याचा अधिकारही कोर्टाला आहे, त्यामुळे मूळ अर्जात आकडा लहान टाकला होता म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या लोकांना आता मुंबईची वारी करावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे. विदर्भाला नागपूर, मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर, गोव्याला तिथलंच खंडपीठ. हायकोर्टातही विधी सेवा समिती असते, मोफत वकील तिथेही मिळतो.

कंपनीने अपील केलं आणि नोटीस तुमच्या घरी आली तर ती कपाटात ठेवू नका. त्याच अपीलात तुम्हाला ‘आम्हालाही कमी मिळालंय’ असं म्हणता येतं, त्याला क्रॉस ऑब्जेक्शन म्हणतात. मुदत नोटिशीपासून एका महिन्याची आहे.

पैसे वकिलाच्या खात्यात येतात का?

येऊ देऊ नका. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करावी. आधारशी जोडलेलं, फक्त तुमच्या नावाचं खातं आधीच उघडा आणि त्याचा तपशील कोर्टात द्या. दावा दाखल झाल्या दिवसापासूनचं व्याज त्यात येतं, ते धरलंय का पाहा.

कोर्टाने अर्धी रक्कम एफडीत ठेवली. आम्हाला आत्ता हवी आहे.

ती उधळली जाऊ नये, नातेवाइकांनी काढून घेऊ नये म्हणून ठेवतात. पण खरी गरज असेल तर मुदतीआधी काढायचा अर्ज करता येतो. गरज कागदाने दाखवा: कृत्रिम हाताचं कोटेशन, मुलीच्या कॉलेजची फी पावती, दुकानाच्या गाळ्याचा करार. दादाने अर्ज केला तो लाकूड कापायच्या टेबल मशीनसाठी. त्यावर फळी शिकंजात अडकवून एका हाताने पुढे सरकवता येते. अर्जासोबत मशीनचं कोटेशन आणि त्या शिकंजाचा फोटो जोडला होता. न्यायाधीशांनी फोटो दोनदा पाहिला आणि तेवढी रक्कम मोकळी केली.